मोर्चात पुढे, बैठकीत चहाला

पत्र नंदुरबार जिल्ह्यातून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मोठं पत्र थोडक्यात देते आहे.

लिहिणाऱ्या ताई एकोणतीस वर्षांच्या, एका डाव्या संघटनेच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या. नवरा त्याच संघटनेत, मुलगी चार वर्षांची. पाड्यांवर वनहक्काचे (कसत आलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचे) दावे भरून घेणं आणि आशा-अंगणवाडीताईंचं युनियन सांभाळणं ही त्यांची दोन मुख्य कामं. त्या लिहितात:

"मोर्चाला निम्म्याहून जास्त बायका असतात. घोषणा आम्ही द्यायच्या, गाणी आम्ही म्हणायची. स्टेजवर सगळे पुरुष आणि टोकाला माझी खुर्ची, तीही सूत्रसंचालनासाठी. जिल्हा कमिटीत मी एकटी बाई. इतिवृत्त मी लिहायचं, मधे उठून चहा मी टाकायचा. चहा घेऊन येईपर्यंत निर्णय झालेला असतो. बोलायला लागले की 'थोडक्यात सांगा'.

दुसरं लिहायला जड जातंय. आमचे ज्येष्ठ नेते, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, वर्षभरापासून रात्री फोन करतात. सुरुवात कामाने होते आणि मग 'तू हल्ली खूश दिसत नाहीस' वगैरे. जीपमध्ये शेजारी बसवतात, पाठीवर हात ठेवतात. पाड्यावरची एक पावरा आदिवासी मुलगी आमच्यात चांगलं काम करत होती, तिने यायचं बंद केलं. कारण मला माहीत आहे, पण कुणाला सांगू नकोस म्हणाली. माझ्यापुरतं मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, 'भाऊंनी आयुष्य दिलंय. निवडणूक तोंडावर आहे. विरोधकांच्या हातात कोलीत देऊ नका.' नवरा म्हणतो, तुझं खरं आहे, पण आत्ता नको.

गावातल्या बायांना सांगून उपयोग नाही, त्यांना हे कळणार नाही, त्यांच्यापुढे भाकरीचा प्रश्न आहे. जमिनीच्या लढ्यापुढे माझा त्रास फार लहान वाटतो. गप्प बसू, की संघटना सोडू?"

ताई,

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींना मिळून तुम्ही 'माझा त्रास' म्हणता. चहा, इतिवृत्त, टोकाची खुर्ची ही एक. रात्रीचे फोन आणि पाठीवरचा हात ही दुसरी. मूळ एकच असेल, पण पहिलीवर बैठकीत भांडता येतं, वेळ घेता येतो, एखाद्या मुद्द्यावर माघारही घेता येते. दुसरीत घासाघीस नसते. या दोन्हींची सरमिसळ झालेली कमिटीला सोयीची पडते. फोनचा विषय काढला की 'हो हो, पुढच्या अधिवेशनात महिलांची संख्या वाढवू' असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. म्हणून मी दोन्हींबद्दल वेगवेगळं लिहिते आहे.

पण आधी ते गावातल्या बायांबद्दलचं वाक्य. त्यांना हे कळणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. मला ते तुमचं वाटत नाही. कमिटीत वर्षानुवर्षं ऐकून तोंडात बसलेलं वाटतं. तुम्ही जिथे फिरता त्याच मुलखात १९७२ साली शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. विषय होते भिल्लांच्या हातून गेलेल्या जमिनी, सालदारकी (वर्षभराच्या बोलीवर गडी म्हणून राबणं), मजुरी. वर्ष दुष्काळाचं. बायकांच्या शिबिरांत बोलणं सुरू व्हायचं मजुरीवरून आणि पोचायचं दारूवर, घरातल्या मारावर. मग त्या बायका दारूचे अड्डे फोडायला निघाल्या. बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत उभं करून जाब विचारायला लागल्या. हे मारणारे कोणी जमीनदार नव्हते. मजूरच होते, ज्यांच्यासाठी लढा चालला होता तेच. भाकरीचा प्रश्न त्या बायांपुढे तुमच्या आजच्या बायांपेक्षा कमी होता असं कोणी म्हणणार नाही. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात स्त्रीमुक्तीची परिषद भरली तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या (नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होतं) आदिवासी मजूर बायका तिथे होत्या, आणि ऐकायला म्हणून आल्या नव्हत्या. मुंबई-पुण्याच्या कितीतरी शिकलेल्या बायकांनी नवऱ्याच्या माराला राजकीय प्रश्न म्हणायच्या आधी शहाद्याच्या बायांनी तो सोडवायला घेतला होता.

तेव्हा न कळण्याचा प्रश्न नाही. त्यांना कोणी विचारलेलं नाही, एवढंच.

'आधी वर्गाचा प्रश्न, मग बायकांचा' हे तरी कितपत खरं, तेही खानदेशातच तपासून झालेलं आहे. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील १९७८ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. भांडण मुख्यतः जातीवरून होतं. पण त्यांच्या मांडणीत वर्ग, जात आणि स्त्रीदास्य या तिन्हींचा अंत ही एकच लढाई आहे, एकाने रांगेत उभं राहून दुसऱ्याची वाट बघायची नाही. त्यांच्याशी कोणाचे काय मतभेद असायचे ते असोत, पण धुळे-नंदुरबारमधल्या डाव्या कार्यकर्त्याने 'हे प्रश्न शहरातून आले' असं म्हणावं हे जरा अतिच झालं. आणि तुमच्या कार्यालयात लेनिनचा फोटो असेलच. १९२० साली जर्मन कम्युनिस्ट नेत्या क्लारा झेटकिन यांच्याशी बोलताना याच लेनिनने तक्रार केली होती की आपले कामगार पुरुषसुद्धा घरकामात झिजणाऱ्या बायकोकडे निवांत बघत बसतात, कारण हात लावला तर नवरेपणाचा मान जातो. (त्याच गप्पांत, जर्मनीतल्या कॉम्रेड बायका अभ्यासवर्गात लग्न आणि शरीरसंबंधांवर चर्चा करतात म्हणून त्यांनी झेटकिनबाईंना फैलावरही घेतलं होतं. डाव्यांची दोन्ही तोंडं एकाच बैठकीत. तुमचे सेक्रेटरी दुसऱ्या भागाचे वारसदार दिसतात.)

आता चहाकडे येते, आणि याला लहान विषय म्हणू नका.

तुम्ही अंगणवाडीताईंचं युनियन चालवता. सरकार त्यांना काय सांगत आलंय? तुम्ही नोकर नाही, मानसेवी आहात. पगार नाही, मानधन. आशांना सांगतं, तुम्ही स्वयंसेविका. म्हणजे काम पूर्ण घ्यायचं, पण त्याला काम म्हणायचं नाही, कारण काम म्हटलं की दाम आणि अधिकार आला. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी कर्मचारी दीड महिन्याहून जास्त काळ संपावर होत्या तो याच भाषेविरुद्ध. तुम्ही त्या काळात पंचायत समितीपुढे माइकवर काय बोलला असाल याचा मला अंदाज आहे. तेच भाषण आता जिल्हा कमिटीपुढे करायचं आहे. चहा, इतिवृत्त, बायकांना फोन करून मोर्चाला आणणं, गाडीत कोण कुठे बसेल ते बघणं, आजारी कार्यकर्त्याच्या घरी डबा पोचवणं, हे सगळं संघटनेचं काम आहे. ते तुम्ही करता. त्याची नोंद नाही, त्यावर पद नाही, आणि ते करण्यात तुमचा बोलायचा वेळ जातो. सरकार 'सेवाभाव' म्हणतं, कमिटी 'बांधिलकी' म्हणते.

वरून असंही म्हटलं जातं की आपली संघटना म्हणजे एक कुटुंब आहे. असेल. आपल्याकडे कुटुंबातच बाईचं काम मोजलं जात नाही आणि तक्रार चार भिंतींबाहेर जाऊ देत नाहीत. मला विचाराल तर संघटनेने कुटुंब होऊ नये. घटना असलेली, ठराव करणारी, हिशेब देणारी संघटना होणंच तिला पुरेसं आहे.

मग करायचं काय? तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत आणि त्यांची किंमत तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. पहिली म्हणजे इतिवृत्ताची वही. बैठकीत कोण किती वेळ बोललं, कोणाचा मुद्दा कोणी तोडला, वक्त्यांची यादी कोणी सुचवली, 'चहा आणायला गेलेल्या सभासदाच्या अनुपस्थितीत निर्णय झाला', हे सगळं लिहिता येतं. खोटं काही नाही, टोमणा नाही, फक्त नोंद. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायची पद्धत असेल तर ती वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांना अवघड होतं. कोणी म्हणेल हे वगळा, तर 'अमुक यांनी वगळा म्हटलं' हेही लिहा. बहुधा त्यानंतर वही आळीपाळीने द्यायचा ठराव कोणीतरी स्वतःहून मांडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे वनहक्क कायदा, जो तुम्हाला पाठ असणार. २००६ च्या त्या कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. ग्रामसभेच्या गणपूर्तीतही एक तृतीयांश बायका लागतात, नाहीतर ठराव कच्चा. पाड्यावर पुरुष जमले आणि बायका आल्या नाहीत तर तुम्हीच सभा थांबवत असाल, 'बायांना बोलवा, नाहीतर दावा उडेल.' ज्या अटीशिवाय धडगावच्या पाड्यावर सभा भरत नाही ती अट तुमच्या जिल्हा कार्यालयात का लागू नाही? हा प्रश्न लेखी ठराव म्हणून मांडा. जिल्हा आणि तालुका कमिट्यांत एक तृतीयांश बायका. प्रत्येक मोर्चात वक्त्यांपैकी किमान एक तृतीयांश बायका, त्यात एक तरी युनियनची किंवा पाड्यावरची. बैठक शेवटच्या एसटीच्या आधी संपणार. शिबिरात मुलं सांभाळायला आळीपाळीने माणसं, पुरुष धरून. चहाची पाळी कार्यालयाच्या भिंतीवर. ठराव एका पानाचा ठेवा. बाईंचं भाषण लांबलं असं म्हणायची संधी देऊ नका.

पहिल्या फेरीत ठराव पडेल. पडू द्या. तो पडला हे इतिवृत्तात येईल, आणि कोणाकोणाचा हात वर गेला नाही हेसुद्धा.

शहाद्याच्या लढ्यातून वर आलेल्या आदिवासी कार्यकर्त्यांनीच पुढे कवितेतून विचारलं होतं की आमचं दुःख स्टेजवरून सांगणारे हे कोण, आणि आम्ही खालीच का. आपल्याकडच्या शिबिरांत पुरुष कार्यकर्ते त्यावर मान डोलावतात. आपण ज्या स्टेजवर बसलोय त्याच्या खाली बायका बसल्या आहेत हे त्यांना त्या वेळी दिसत नाही, ही मला खरोखर कुतूहलाची गोष्ट वाटते. केरळात १९८७ ची निवडणूक डाव्या नेत्या के. आर. गौरी यांच्या नावाने 'गौरी राज्य करील' अशा घोषणा देत लढली गेली आणि जिंकल्यावर मुख्यमंत्री झाले ते त्यांचे पुरुष सहकारी नायनार. घोषणेत बाई चालते.

तुम्ही विचारलंत, गप्प बसू की सोडू. या दोन्हींच्या मधे बरीच मोठी जागा आहे आणि डाव्या माणसाला तर ती ओळखीची असायला हवी. तिथे नकार देता येतो. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष १९६४ साली स्थापन झाला आणि त्याच्या पॉलिट ब्युरोत, म्हणजे सगळ्यात वरच्या समितीत, पहिली बाई, वृंदा करात, गेल्या २००५ साली. त्याआधी १९९८ च्या अधिवेशनात केंद्रीय कमिटीत बायकांना पुरेशी जागा नाही म्हणून त्यांनी स्वतःची फेरनिवड नाकारली होती. पक्ष सोडला नाही, पण पद घेतलं नाही. वर्तमानपत्रांतून गाजलं. तुमच्याकडे वर्तमानपत्रं नसतील, पण त्याहून मोठी गोष्ट आहे. मोर्चाला येणाऱ्या बायका भाऊंच्या नावावर येत नाहीत. त्यांना तुमचा फोन जातो म्हणून येतात. वक्त्यांच्या यादीत बाई नसेल त्या मोर्चाला तुम्ही फोन करू नका. असं आधी लेखी कळवा आणि मग खरंच करू नका. याला आपल्याकडे संप म्हणतात. मात्र अंगणवाडीताईंच्या स्वतःच्या मागण्यांचा मोर्चा असेल तर हे हत्यार काढायचं नाही. तिथे त्यांचं नुकसान होईल, कमिटीचं नाही.

आता दुसरी गोष्ट, रात्रीचे फोन आणि पाठीवरचा हात.

भाऊंना एकदा, लेखी, स्पष्ट नाही म्हणा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पुरे: 'भाऊ, रात्री नऊनंतर मला फोन करू नका. कामाचं असेल ते ग्रुपवर टाका. अंगाला हात लावलेला मला चालत नाही.' शेवटी हात जोडलेलं चित्र टाकू नका, 'गैरसमज नसावा' लिहू नका. हे नीतीसाठी सांगत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळासाठी आणि कलम ७८ पाठलागासाठी आहे, आणि बाईने नको म्हटलेलं असूनही पुन्हा पुन्हा संपर्क करणं ७८ मध्ये येतं. म्हणून ते नको कुठेतरी लिहिलेलं हवं. कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट आजच काढा, जुने कॉल फोनमधून आपोआप पुसले जातात. ते संघटनेबाहेरच्या एका भरवशाच्या बाईला पाठवून ठेवा. आणि एका वहीत तारीख, ठिकाण, काय घडलं, तेव्हा जीपमध्ये कोण होतं, असं स्वतःच्या हाताने लिहा. जीपमध्ये काही दिवस मागच्या सीटवर बसा, एकट्याने त्यांच्याबरोबर जाऊ नका. ही जबाबदारी खरी तुमची नाही हे मला कळतं. चौकशी होईपर्यंतची ही तजवीज आहे.

या मेसेजनंतर काय होईल तेही सांगते, म्हणजे धक्का बसणार नाही. आधी शांतता. मग एखाद्या कामातून तुम्हाला हळूच काढलं जाईल. मग 'बेशिस्त', 'गटबाजी' हे शब्द. मग तालुक्यात कुजबुज, की हिचंच काहीतरी असेल. ही शेवटची पायरी डाव्या-उजव्या सगळ्या पक्षांत एकच आहे.

तक्रार जिल्हा कमिटीकडे करू नका. जिथे भाऊ स्वतः बसतात तिथे त्यांची चौकशी होणार नाही. राज्य कमिटीला लेखी द्या, पोच घ्या. मागण्या ठेवा: चौकशी समितीत बायका बहुसंख्य, एक जण संघटनेबाहेरची, ठरलेल्या मुदतीत निकाल, आणि तोवर भाऊ महिलांच्या आणि युनियनच्या कामापासून दूर. सेक्रेटरींना तुम्ही कधी सांगितलं आणि ते काय म्हणाले, तेही त्यात लिहा.

कायद्याचं नीट समजून घ्या, कारण इथे बऱ्याच जणींची फसगत होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा (पॉश) सगळ्यांना ऐकून माहीत असतो. पण केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटलं की पक्षाचे सभासद पक्षाचे नोकर नसतात, म्हणून राजकीय पक्षांवर अंतर्गत समिती नेमायची सक्ती नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. कामगारांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाने या पळवाटेत बसून राहावं की आपण होऊन समिती नेमावी, हा त्यांच्या चारित्र्याचा प्रश्न आहे. तुमच्यापुरतं मात्र हे तपासा: तुमचं मानधन कुठल्या खात्यातून येतं? पुष्कळ संघटनांचा एक नोंदणीकृत ट्रस्ट किंवा संस्था असते. तसं असेल तर चित्र बदलतं. त्या कायद्यात ट्रस्ट येतो, स्वयंसेवी संस्था येते, आणि बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करणारी बाईसुद्धा कर्मचारी धरली जाते. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. वकिलाचे पैसे कुठून आणू असं मनात येईल. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तडकाफडकी मदत लागली तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

कोलीताबद्दल. सेक्रेटरींची भीती सगळी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. वनखात्याचे खटले, कार्यकर्त्यांवरच्या केसेस, बड्या शेतकऱ्यांची दहशत हे सगळं तुम्ही बघितलेलं आहे, आणि एखाद्या नेत्याची भानगड मिळाली तर ती मंडळी सोडणार नाहीत. पण तालुक्याच्या गावात कुठली गोष्ट लपते? भाऊंचं वागणं तुमच्या कमिटीत माहीत आहे म्हणजे ते बसस्टँडवरच्या टपरीवरही माहीत आहे. विरोधकांना ते निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात वापरायचंच असेल तर ते वापरतील, तुम्ही बोला वा न बोला. तेव्हा संघटनेकडे सांगायला काय असेल? 'आम्हाला तक्रार मिळाली, आम्ही चौकशी केली, हा निर्णय घेतला', की 'आम्ही तिला गप्प बसवलं होतं'? हा हिशेब सेक्रेटरींपुढे मांडून बघा. त्यांना तुमचं दुःख समजणार नाही कदाचित, निवडणूक समजते.

सोशल मीडियावर लिहावं का, असं विचारणाऱ्या मुलींना मी सरसकट नको म्हणत नाही. तुमच्या बाबतीत मात्र आत्ता नको म्हणेन. लहान तालुक्यात चार ओळी टाकल्या तरी ती पावरा मुलगी कोण हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल, आणि तिने तुम्हाला तो अधिकार दिलेला नाही.

तुमच्या नवऱ्याबद्दल थोडंच लिहिते. 'तुझं खरं आहे, पण आत्ता नको' असं म्हणणाऱ्याला तारीख विचारायची. आत्ता नको, तर कधी? निवडणुकीनंतर सभासद नोंदणी असते, मग अधिवेशन, मग पाऊस आणि पेरण्या. घरात ते नवरा आहेत, बैठकीत कार्यकर्ते. त्यांनी घरी सहानुभूती दाखवायची आणि बैठकीत खाली मान घालायची, ही वाटणी तुम्ही मान्य केलेली नाही हे त्यांना कळू द्या. तुमच्या ठरावाला त्यांनी अनुमोदन द्यावं, चहाच्या पाळीत पहिलं नाव स्वतःचं घालावं, आणि राज्य कमिटीकडे तक्रार जाईल त्या दिवशी 'मला हे माहीत होतं' असं लेखी द्यावं. एवढ्याने त्यांचं पद जाणार असेल तर तेही दोघांनी आधी बोलून ठेवा. पैशांचं बोला. दोघांचं मानधन एकाच ठिकाणाहून येत असेल तर घराचं काय, हा प्रश्न लाजेचा नाही.

आणि सोडावंच लागलं तर? सोडणाऱ्या बाईला पळपुटी म्हणायची पद्धत आहे, मला ती मान्य नाही. जिच्या अंगावर हात टाकला गेला तिने तिथेच राहून तो मोडून काढावा, ही सक्ती कोण करणार? पण जाताना लेखी कारण देऊन जा. आणि त्याआधी दाव्यांच्या फायली बघा. त्या कमिटीच्या नाहीत, दावेदारांच्या आहेत. प्रत्येक गावाच्या वनहक्क समितीकडे पूर्ण संच पोचलाय का, अपिलात असलेल्यांच्या तारखा त्यांना माहीत आहेत का, हे करून मगच बाहेर पडा. युनियनच्या ताईंनाही कारण तुमच्याच तोंडून कळू द्या. त्यांतल्या कितीतरी जणी हे वाक्यावाक्याला ओळखतील, कारण सुपरवायझरपासून सरपंचाच्या नवऱ्यापर्यंत त्यांनी भोगलेलं आहे.

धुळे-जळगावच्या वाचकांनी, विशेषतः विद्यार्थी संघटनांतल्या आणि सामाजिक संस्थांतल्या मुलींनी, यातलं आपापल्यापुरतं घ्यावं. जिथे घटना, ठराव, इतिवृत्त यांतलं काहीच नाही, नुसते 'सर' आणि त्यांचा शब्द आहे, तिथे बैठकीच्या वाटा चालणार नाहीत. तिथे सरळ स्थानिक समिती किंवा पोलीस. आणि 'बघा, हे कम्युनिस्ट असेच' म्हणून हा मजकूर पुढे पाठवू पाहणाऱ्यांनी आधी आपल्या पक्षाच्या तालुका कार्यकारिणीचा फोटो जोडावा. त्यात किती बायका आहेत ते मोजू.

शेवटी त्या पावरा मुलीबद्दल, ताई. तिची गोष्ट तुमच्या तक्रारीत घालू नका, सूचक शब्दांतही नाही. पण तिला भेटायला जा, एकट्या, जीप न घेता. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर तिच्या बाबतीत १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो, हे तिला माहीत असावं. वापरायचा की नाही ते ती ठरवेल, वेळ लावून ठरवेल. मला तुमच्या पत्रावरून एक शंका आहे. तिच्या घरच्यांचा दावा तुमच्याच संघटनेमार्फत गेला असेल, आणि बोललं तर जमीन जाईल अशी भीती तिच्या गप्प बसण्यात असू शकते. तसं असेल तर जाताना त्या दाव्याची प्रत आणि पोचपावती घेऊन जा. आधी ती तिच्या आईच्या हातात द्या, दाव्याचा निर्णय ग्रामसभा आणि सरकारी समित्या करतात, संघटना नाही, हे समजावून सांगा, आणि मग तिच्याशी बोला.